बुडत्या वाटीचा निवाडा

एका राज्यात घाईलाच हुशारी समजत. तिथल्या राजाला नवा न्यायाधीश हवा होता, म्हणून त्याने परीक्षा ठेवली. दरबारात पाण्याने भरलेलं घंगाळ आणलं आणि त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडली. वाटी बुडायच्या आत निवाडा द्यायचा, असा नियम.

प्रश्न पोथीतला नव्हता. भैरू नावाचा पहारेकरी बेड्या घालून समोर उभा होता. रात्री धान्याचं कोठार जळालं, तेव्हा तो हातात पेटती मशाल घेऊन तिथे सापडला होता. दोषी ठरला, तर त्याला सुळावर चढवणार होते.

वाटीत धड पाणीही शिरलं नव्हतं, तोच चटपटशास्त्री ओरडले, "दोषी!" बाकीच्या उमेदवारांनी त्यांचीच री ओढली. राजा खूश झाला.

उरली म्हाळसा. न्यायशास्त्र शिकलेली, पण विचाराला संथ. एकेक गोष्ट मनात नीट उतरल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. इथे माणसाचा जीव जायची वेळ आली आणि सगळ्यांचे डोळे वाटीवर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या भरात विचार आणखीच मागे पडला आणि वाटी बुडाली.

"वेळ संपली!" प्रधान म्हणाला.

"बाईंचं डोकं बैलगाडीने येतंय वाटतं!" कुणीतरी म्हणालं. दरबार फिदीफिदी हसला.

म्हाळसा जागची हलली नाही. शिपाई भैरूला ओढून नेऊ लागले, तेव्हा ती कडाडली, "थांबा! रात्री पहारा देणाऱ्याच्या हातात मशाल नसेल, तर काय असेल? याला आग लावताना पाहिलं कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

"पण हे उत्तर उशिरा आलं!" चटपटशास्त्री म्हणाले.

"म्हणून हा गुन्हेगार झाला का, शास्त्रीबुवा?" मग ती राजाकडे वळली. "महाराज, उद्या तुमच्यावरच आळ आला, तर ही वाटी पाण्यात सोडू द्याल?"

राजाचा चेहरा उतरला. त्याने भैरूच्या बेड्या काढायला लावल्या. भैरू मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

न्यायाधीशाची जागा मात्र चटपटशास्त्र्यांनाच मिळाली. म्हाळसाचं उत्तर बरोबर होतं, हे राजाने भर दरबारात कबूल केलं. पण वेळेत आलं नाही ना! नियम तो नियम.

तात्पर्य: लवकर दिलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना एवढंही कळत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या जिवाचा निवाडा करू नये.