राखणीला थांबलेली आई

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. दूर देशीच्या एका माळरानावर, बाभळींच्या राईत जिराफांचा एक कळप राहत होता. पाणवठा लांब होता. पिल्लांना तिथवर चालवत नसे. म्हणून पिल्लं राईत ठेवून आया पाण्याला जात आणि पाळीपाळीने एक आई राखणीला मागे थांबे.

एके दिवशी ही पाळी एका नव्या आईवर आली. तिचं पिल्लू नुकतंच कुठे नीट चालायला लागलं होतं.

"जमेल ना गं तुला?" कळपातल्या आजीने निघताना विचारलं.

"जमेल, आजी," असं म्हणून तिने पिल्लं एकदा मोजून घेतली.

उन्हं चढली. पिल्लं सावलीत पाय मुडपून बसली. ती मात्र उभीच राहिली. काट्यांमधून जिभेने पाला ओढतानाही तिची नजर माळावर फिरत होती. एवढ्यात एका जागी गवत हललं. वारा तर पडला होता!

गवतातून सिंहीण बाहेर आली, अगदी सावकाश. इवलीशी पिल्लं पळून पळून जाणार कुठे?

"मला भांडण नको," सिंहीण गोड आवाजात म्हणाली. "माझीही लेकरं उपाशी आहेत. एकच पिल्लू दे. तुझं नको हो! तुझं घेऊन तू खुशाल बाजूला हो. बाकीच्यांना सांग, जरा डोळा लागला होता."

नव्या आईचं पिल्लू अगदी कडेलाच होतं. त्याला पुढे घालून निघून जाणं सहज जमलं असतं. तिने खाली पाहिलं. सगळी पिल्लं तिच्याकडेच बघत होती. ही आहे ना, मग भ्यायचं कशाला, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"यातलं माझं कोणतं, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आज इथली सगळी माझीच आहेत."

तिने पिल्लांना आपल्या पायांशी घेतलं. सिंहिणीने झेप टाकली. नव्या आईने लाथ झाडली, ती हुकली. सिंहिणीच्या नखांनी तिची मांडी फाटली, रक्त वाहू लागलं, पण ती जागची हलली नाही. सिंहीण पुन्हा उसळली. या खेपेला खूर नेमका छातीत बसला! सिंहीण काटेरी झुडपात जाऊन पडली. उठली ती लंगडतच, आणि मागे वळूनही न बघता माळापार निघून गेली.

आया परतल्या. एकही पिल्लू कमी नव्हतं. आजी नव्या आईची जखम चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी पिल्लांपाशी दोघी थांबल्या आणि बाकी सारा कळप नव्या आईला घेऊन पाणवठ्यावर गेला. पाणी पिताना जिराफाला पुढचे पाय फाकून मान पार खाली न्यावी लागते. त्या वेळी त्याला धड पळताही येत नाही. ती वाकली, तशा सगळ्या जणी तिच्याभोवती माना उंच करून उभ्या राहिल्या.

"सावकाश पी, बाई," आजी म्हणाली. "आज तुझी राखण आमच्याकडे!"

बोध एवढाच, की राखणीला उभं राहिल्यावर जो आपलं-परकं करत नाही, त्याच्यासाठी सगळे आपले होऊन उभे राहतात.