उंबरदऱ्यात गळ्याला नाडा का म्हणतात

हे कुणाला पटत नाही. आमच्या उंबरदऱ्यात गाणाऱ्या गळ्याला नाडा म्हणतात, असं मी सांगितलं तर परवा कॉलेजच्या पोरी ओढणी तोंडाला लावून हसल्या. परकराचा नव्हे, बायांनो. मोटेचा नाडा, मनगटाएवढा जाड दोर. गोड गळा म्हणजे आमच्याकडं लांब नाडा, आवाज बसला की नाडा झिजला. ही समोरची विहीर, हिच्यातून तो शब्द आला.

फार मागं ही विहीर आटली, असं सांगतात. गावाला दुसरं पाणी नव्हतं. झरा तळाच्या कपारीत बुजलेला, आणि तिथं एका सगुणाचेच खांदे शिरत होते. सगुणा म्हणजे गावातल्या एका घरची थोरली सून. तिला नाड्याला बांधून खाली सोडायचं ठरलं.

"खाली वारा कोंडलाय," ती म्हणाली. "मी गात राहीन. गळा थांबला की ओढा."

नाड्यावर धाकटा दीर होता. तो म्हणाला, "जात्यावर गाऊन हौस फिटली नाही वाटतं, वहिनी?"

"भावजी, दात नंतर काढा. कान खाली ठेवा."

ती गात गात खणत राहिली. झरा फुटला. ओल्या चिखलाची पाटी वर आली आणि काठावर हलगी सुरू झाली. दीर नाडा झाडाला गुंडाळून नाचायला गेला. हलगी थांबली तेव्हा खालून गाणं येत नव्हतं. ओढून काढली, तर तिच्यात श्वास नव्हता.

गावानं पाण्यातल्या आसरांना दोष दिला. त्यांनीच नेली म्हणे. बोकडही कापला. पण विहिरीत पाणी दिसे आणि घागर सोडली की रिकामी वर येई. नऊ दिवस असंच. दहाव्या दिवशी सगुणाची सासू काठावर आली.

"आसरांवर ढकलू नका. खरा नाडा तिचा गळा होता. तो माझ्या लेकानं सोडला."

मग तिनं वाकून पोटच्या पोराचं नाव विहिरीत सांगितलं. घागर भरून आली, असं सांगतात.

आजही गाळ काढायच्या दिवशी उतरणारा गात राहतो आणि वर कुणी तोंड उघडत नाही. त्याआधी मात्र त्या दिराच्या घरातलं कुणीतरी ते नाव विहिरीत सांगतं. मी त्याच घरची सून. अठरा वर्षं मीच सांगते, आमच्या पुरुषांना जड जातं. काठावर पोट टेकायचं, आणि तळापर्यंत पोचेल असं म्हणायचं : नाड्यावर होता हैबती.