एका बाजूचा करार

एका नदीकाठी ऐलगाव नावाचे गाव होते. तिथली केसर दूरच्या नगरात शिकायला गेली होती, ती पाच वर्षांनी परत येत होती. मधल्या काळात गावात मोठी मारामारी झाल्याचे आणि त्यात वडील गेल्याचे तिने ऐकले होते. त्यामुळे वाटेत तिने मनाशी जे चित्र रंगवले ते काळेच होते. जळालेली घरे, राख झालेली शेते, उजाड बांध.

प्रत्यक्षात दिसले ते एखाद्या स्वप्नासारखे होते. फाल्गुनाचे ऊन पसरले होते. माणूसभर उंचीचे सोनेरी गवत वाऱ्यावर सळसळत होते. रुईच्या पांढऱ्या म्हाताऱ्या हवेत तरंगत होत्या. चंडोल गात गात इतका उंच जाई की पक्षी दिसेनासा होई आणि गाणे तेवढे खाली उतरत राही. केसर आपल्या शेताच्या बांधावर थबकली. जमिनीला केवढी गाढ झोप लागली आहे, असे तिला वाटले.

“आपलं रान किती सुंदर दिसतंय गं आई!” घरात शिरताच ती म्हणाली.

भाकरी थापणारा आईचा हात थांबला. “गवत आहे ते, पोरी. तीन वर्षं नांगर लागला नाही. पडीक रान लांबून सगळ्यांनाच सुंदर दिसतं.”

मग आईने सगळे सांगितले. काही केसरला ठाऊक होते, काही नव्हते.

ऐलगावात जमीन पुष्कळ आणि हात थोडे. नदीपलीकडच्या पैलगावात हात पुष्कळ, पण जमीन खडकाळ. म्हणून पैलगावचे शेतकरी दर पाडव्याला नावेतून येत आणि ऐलगावची शेते अर्ध्या वाट्याने कसायला घेत. मालक आणि कसणारा बांधावर उभे राहून एका तांब्यातले पाणी पीत. मालक म्हणे, “नांगर घाल.” झाला करार. केसरच्या वडिलांचे शेत असेच सटवाजी अकरा वर्षे कसत होता.

दोन्ही गावांचा पोळा एकाच माळावर भरे. एका वर्षी तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जावा, यावरून काठ्या निघाल्या. मग कुऱ्हाडी निघाल्या. तीन दिवसांत नऊ माणसे गेली. भांडण सोडवायला धावलेले केसरचे वडीलही गेले. कोणाच्या घावाने, ते आजवर कोणाला कळले नाही.

त्यानंतर ऐलगावकर जमीन देत ती फक्त भावकीत, आणि तीही एकाच सालासाठी. पुढच्या साली माणूस बदलायचा, म्हणजे कोणी पाय रोवायला नको. पण ज्याला पुढच्या साली तिथे राहायचेच नाही, तो शेणखत कशाला टाकील? फुटलेला बांध कशाला घालील? तो पेरी, कापी आणि निघून जाई. आणि भावकीचे हात जिथे पुरत नसत, ती राने गवताला गेली.

केसरच्या शेताचा खालचा बांध फुटला होता. दर पावसाळ्यात माती नदीला मिळे आणि ओघळ वर सरके. आता तो विहिरीपासून दहा पावलांवर आला होता. येत्या पावसाआधी बांध घातला नाही, तर विहीर ढासळणार होती. विहीर गेली की शेत गेले, आणि मायलेकींना दुसरा आधार नव्हता.

चुलते दौलतकाका आले. म्हणाले, “वरच्या चार पट्ट्या या साली मी पेरतो. तुम्हाला धान्य मिळेल.”

“आणि बांध, काका?”

“अगं, मी एका सालाचा पाहुणा. पाहुण्याने कधी कोणाचं घर शाकारलंय का?”

केसर पेटून उठली. तिने विद्या उगीच घेतली नव्हती. दोन दिवस बसून तिने सुंदर अक्षरात करार लिहिला. त्यात सटवाजीचे पूर्ण नाव, त्याचे घर, मुलांची नावे, शेताच्या चतुःसीमा आणि बारा अटी होत्या. कागद असला की भीतीला जागा उरणार नाही, अशी तिची खात्री होती. तो घेऊन ती नावेतून पैलगावला गेली.

सटवाजी अंगणात दोर वळत होता. त्याने डोळे बारीक करून पाहिले. “आमच्या मालकांची केसर ना तू? नाकावरचा राग बापाचाच गं! बस, पाणी पी.”

“नाना, शेत पुन्हा तुम्ही कसा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याची नजर नदीपार गेली. “त्या विहिरीचं पाणी गोड होतं,” तो हळूच म्हणाला. “बांध दोन महिन्यांत घालून देईन. माझी पोरं आहेत की.”

केसरने आनंदाने कागद उलगडला आणि वाचू लागली. शेत कोणाचे. कसणार कोण. त्याचे घर मारुतीच्या मागे तिसरे. मुलगे दोन. त्यांची नावे...

“थांब!” सटवाजीच्या हातातला दोर गळला. आतून त्याच्या सुनेने दार लावून घेतले.

“काय चुकलं, नाना?”

“त्या पोळ्यालाही असाच कागद आला होता, बाय. तुमच्या गावचाच. कोणाचं शेत, कोण कसतो, घर कुठलं. नाव वाचायचे आणि माणूस बाहेर ओढायचे. माझ्या धाकट्या भावाचं नाव तिसरं होतं.” त्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली. “बैल माग, बैल देईन. पण नाव नको मागूस.”

“पण नाना, कागद तर रक्षण करतो!”

“करतो की. ज्याच्या हातात असतो, त्याचं.”

केसर परतली तेव्हा ऊन कलले होते. नाव संथ चालली होती. पाण्यात दोन्ही काठांची झाडे उलटी उतरली होती, आणि मधोमध त्यांचे शेंडे एकमेकांत मिसळले होते. ऐल कुठे संपते आणि पैल कुठे लागते, ते पाण्याला जणू माहीतच नव्हते. हातातल्या कागदाकडे तिने पुन्हा पाहिले. बारा अटींपैकी अकरा सटवाजीवर होत्या. ज्याच्याजवळ गमवायला जीव होता, त्यालाच तिने बांधले होते. स्वतः ती मोकळीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो कागद चुलीत घातला. नव्या कागदावर सटवाजीचे नाव नव्हते, घर नव्हते, मुले नव्हती. तिने एवढेच लिहिले: “हा कागद ज्याच्या हाती असेल, त्याने ऐलगावच्या नदीकाठचे आमचे शेत बारा वर्षे अर्ध्या वाट्याने कसावे. तोवर मी ते परत मागणार नाही. केसर.”

दौलतकाकांनी वाचले आणि कपाळावर हात मारला. “खुळी की काय तू? हा कागद त्याच्या हातात देणार? उद्या त्याने शेत गिळलं म्हणजे?”

“तो जीव मुठीत घेऊन नदी ओलांडणार, काका. मी एवढंही धोक्यात घालू नये?”

काका आईकडे वळले. “वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला. आपला माणूस गेलाय त्यात!”

आईने उठून तव्याखालचे काजळ अंगठ्याला लावले.

“केसर, तुझं नाव खोड,” ती म्हणाली. “जमीन माझ्या नावावर आहे. अंगठा माझा लागेल.”

तात्पर्य: भांडणात आधी विश्वास पडीक पडतो, मग जमीन. तो पुन्हा कसायचा असेल, तर ज्याच्या हाती जास्त आहे त्याने आधी स्वतःला बांधून घ्यावे.