पाकट नसलेली खाडी

खाडीतल्या उथळ वाळूवर भराव घालून जेटी बांधायची होती. "तिथे पाकट मासे वाढतात, भराव नको," अशी मासे विकणाऱ्या शेवंती कुबलची तक्रार. ती तपासायला मत्स्यतज्ज्ञ डॉक्टर मिराशी होडीने आले आणि काठावर खुर्ची टाकून लिहायला बसले.

"पाकट खोल समुद्रात राहतो, बाई. तुम्ही दुसराच मासा पाहिला असणार."

"चपटो, तपकिरी, शेपटीक विषारी काटो," शेवंती म्हणाली. "वाळूत अंग पुरून बसता. पाय पडलो तर काटो मारता. म्हणून आमी पाय घासत चलतो, म्हणजे तो आधीच पळता."

"भाकडकथा!" डॉक्टरांनी 'पाकट नाहीत' लिहून सही ठोकली.

तोवर ओहोटीने होडी दूर गेली होती. मध्ये गुडघाभर पाणी.

"मगे सायबानू, तुमी खुशाल पाय उचलून चला."

डॉक्टरांनी पँट दुमडली, पाण्यात एक पाऊल टाकलं, थबकले आणि होडीपर्यंत दोन्ही पाय असे घासत गेले की मागे सगळं पाणी गढूळ झालं.

"सायबानू," शेवंती काठावरून ओरडली, "हातान एक लिवलात, पायांनी दुसराच! आता खरा कोणाचा मानूचा?"

डॉक्टरांना हसू आवरेना. होडीत बसल्या बसल्या त्यांनी आपली सही खोडली.