काडतुसांचा डबा

एकदा एका डोंगरगावानं स्वतःलाच एक नियम घालून घेतला. ज्याची बंदूक त्यानं आपल्या घरी ठेवावी, काडतुसं मात्र शेजाऱ्याच्या घरी राहावीत. रानडुकरं पिकात शिरली की शेजाऱ्याचं दार वाजवायचं, शेजारी "कशासाठी?" म्हणून विचारणार, उत्तर ऐकून काडतुसं देणार. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांपैकी एक स्मशानात आणि दुसरा तुरुंगात गेला, तेव्हा मागे एकट्या राहिलेल्या त्यांच्या आईनं भर पंचायतीत हा नियम मागून घेतला होता.

पुढे म्हातारी गेली आणि वाद उरला. काही जण म्हणत, सरकारी परवाना आमच्या नावावर, मग शेजाऱ्यापुढे हात का पसरायचे? काही म्हणत, सगळ्या बंदुका एकदाच्या ठाण्यात जमा करून टाका. दोन्ही बाजू वर्षाकाठी घसा बसेपर्यंत ओरडत आणि घरी जाऊन गरम पाणी पीत.

गावाबाहेरच्या मठात एक वृद्ध बुवा राहत. त्यांच्याजवळ एकच शिष्य होता. तालुक्याच्या कोर्टातली वकिली सोडून तो शांती शोधायला आला होता. वकिली सुटली होती, युक्तिवाद सुटला नव्हता.

एके दिवशी वरच्या पठारावरून धाकोजी नावाचा शेतकरी मठात आला. त्याची बायको श्रावणात वारली होती. त्याची काडतुसं सांभाळणारा एकमेव शेजारी, बारकू, मुलाकडे शहरात कायमचा निघून गेला होता आणि जाताना डबा बुवांपाशी ठेवून गेला होता. पठारावर आता धाकोजीशिवाय कुणी नव्हतं.

"डबा द्या, बुवा."

"कशासाठी?"

"डुकरं," धाकोजी जमिनीकडे बघत म्हणाला.

बुवांनी त्याला बसवलं, पुढ्यात भाकरी ठेवली. त्यानं ती मोडलीही नाही. मग बुवा म्हणाले, "डबा माझ्यापाशीच राहील."

धाकोजी उसळला. "माझी बंदूक, माझं रान! मी डोंगर उतरून येईस्तोवर डुक्कर काय वाट बघत थांबतंय व्हय? तुमी कोन मला आडवनारे?" आणि तो तसाच उपाशी निघून गेला.

शिष्याला हा सरळ अन्याय वाटला. "बुवा, हा नियम शेजाऱ्यांसाठी आहे. शेजारीच नसेल तर तो लागू कसा होईल? मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो, तर दावा जिंकला असता."

"जिंकला असतास," बुवा म्हणाले. मग त्यांनी अंथरुणाची वळकटी बांधली, डबा काखेत मारला आणि काठी घेतली. "बारकूचं घर रिकामं आहे. मी तिथं राहायला जातो."

ज्यांना मांडी घालून धड बसता येत नव्हतं, ते बुवा गुडघे धरत डोंगर चढून गेले. एका डब्यापायी म्हाताऱ्याला चळ लागला, असं शिष्याला वाटलं.

मठात तो एकटा राहिला. थंडीत तिकडे कुणी फिरकत नसे. एकट्यापुरतं काय शिजवायचं, म्हणून तो शिळंच खाऊ लागला. पुढेपुढे दिवाही लावीनासा झाला, कुणासाठी लावायचा? एका दुपारी तो कुत्र्याला "हाड" म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजानं दचकला. किती दिवसांत आपण कुणाशी बोललेलो नाही, हे त्याला आठवेना. त्याला रडू आलं, आणि ते बघायलाही कुणी नव्हतं.

शेवटी बुवांना पीठ पोचवायचं निमित्त करून तो पठारावर गेला. वाटेत धाकोजीचं शेत लागलं. भात केव्हाच कापून झालं होतं. मळणी उरकून पेंढाही रचून ठेवलेला, तोही जुना दिसत होता. जमीन उघडी पडली होती. डुकरानं तोंड लावावं असं तिथं काही नव्हतं, आणि धाकोजी डबा मागायला आला त्या दिवशीही नसणार.

शिष्य झपाझप बारकूच्या घराकडे निघाला.

बारकूच्या अंगणात बुवा पाय पसरून बसले होते आणि धाकोजी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होता. धाकोजी पाणी आणायला गेला, तेव्हा शिष्यानं विचारलं, "काडतुसं त्याला स्वतःसाठीच हवी होती, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग बंदूकच का काढून घेतली नाहीत?"

बुवा म्हणाले, "पुढच्या हंगामात डुकरं खरोखर येतील. तेव्हा पीक राखण्याचा अधिकार त्याचाच आहे, तो मी का हिरावून घ्यावा? परंतु मनुष्याचं मन एखाद्या घटकेपुरतं अंधारून येतं. त्या घटकेला त्याच्या वाटेत एक दार असावं, आणि दारामागे 'कशासाठी' असं विचारणारं कुणीतरी असावं. एवढाच हा नियम आहे. तुम्ही सगळे कुलपावरून भांडता. कुलूप कुणीही लावील रे, दारामागे राहायला कुणी तयार आहे का?"

शिष्य खाली मठात गेला. पाऊस सुरू होण्याआधी तो आपली वळकटी घेऊन परत आला आणि म्हणाला, "बुवा, तुम्ही खाली मठात चला. इथं मी राहतो."

भाताला दाणा भरला, तेव्हा एका संध्याकाळी बारकूच्या घराचं दार वाजलं. बाहेर धाकोजी उभा होता.

"कशासाठी?" शिष्यानं विचारलं.

धाकोजीनं या वेळी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "आज खरंच डुकरं हायती, वकीलसाहेब."

शिष्यानं डबा दिला. थोड्या वेळानं शेताकडून बार ऐकू आला. धाकोजी डबा परत घेऊन येईपर्यंत त्यानं दार लावलं नाही.