राणीची तीनशे सतरा मांजरं

एका राज्यात दूध सकाळी येई आणि सकाळीच संपे. लोकांना ताक मिळायची मारामार, तिथं लोणी कुठलं? सगळं दूध राणी सुलक्षणेच्या महालात जाई, कारण महालात तीनशे सतरा मांजरं होती. सिंहासनावर मांजर, पालखीत मांजर, देवघरात समईमागं मांजर. राजा वज्रधर मोजडी झटकल्याशिवाय पाय घालत नसे.

दरबारात यावरून दोन तट पडले होते. प्रधान म्हणे, "छंद आहे. थोरामोठ्यांना असतात." राजवैद्य म्हणे, "रोग आहे. राणीसाहेबांना धाप लागते, हातांवरचे ओरखडे भरत नाहीत, मांजरं जेवल्याशिवाय त्या घास घेत नाहीत." मला विचाराल तर दोघेही शहाणे आणि दोघेही बिनकामाचे. राणी असं का करते ते दोघांनाही ठाऊक होतं, पण ते बोलायची हिंमत एकाचीही नव्हती. मी सांगतो.

सात वर्षांमागं राजपुत्र भानुकेतूचा पाचवा वाढदिवस होता. धूम्रा नावाची चेटकीण पदरात भिजलेलं मांजराचं पिल्लू घेऊन दाराशी आली आणि म्हणाली, "याला आसरा द्या." राणी म्हणाली, "घरात लेकरू आहे, मांजर नको." आणि दार लावून घेतलं. तेव्हा धूम्रा दाराबाहेरून बोलली, "ज्याला उंबऱ्यावरून हाकललंस, त्याचंच रूप तुझ्या लेकराला. तो आपल्या पायांनी उंबरा ओलांडून तुझ्या मांडीवर आला, तर माणूस होईल. सात वर्षांत आला नाही, तर मांजरच राहील आणि तुला विसरेल." पाटावर बसलेलं पोर तिथल्या तिथं मांजर झालं आणि पाहुण्यांच्या पायांमधून निसटून गेलं.

आता सांगा, अशी आई कुठल्या मांजराला नाही म्हणेल? दिसेल ते मांजर ती आत घेई, मांडीवर बसवी, डोळ्यांत डोळे घालून विचारी, "भानू, तू का रे?" मांजरं आपली जांभई देत. पुढं तिनं माणसं पाठवली, ती गावोगावची मांजरं पोत्यात घालून आणू लागली. कुठल्या पोत्यात लेक असेल, सांगावं कुणी?

मुदत संपायला आठ दिवस उरले. राणीला श्वास पुरेना. राजा म्हणाला, "मुलगा गेला, आता राणी जायला नको. आठव्या दिवशी सूर्य मावळला, की ही सगळी मांजरं नदीपलीकडं सोडा." ते राजकन्या कुमुदिनीनं ऐकलं. ती भानुकेतूची थोरली बहीण. त्या मांजरांत तो असला तर त्यालाही पोत्यात घालून सोडणार, आणि मग तो कायमचाच गेला.

कुमुदिनीची एक साळुंकी होती. ती बोलत असे, त्या राज्यात साळुंक्या बोलतात. सात वर्षांत तिनं महालात पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिला कोण दोष देईल? ती म्हणाली, "शापाचं उत्तर शाप देणारीकडं. चल, वाट दाखवते."

धूम्रा एका गुहेत सुपारी कातरत बसली होती. कुमुदिनी म्हणाली, "माझा भाऊ कोणता, ते सांग."

"सांगणार नाही. अंजन करून देईन, तू बघ. डोंगर चढणाऱ्या नदीचं पाणी आण. सावली न पडणाऱ्या झाडाचं पान आण. आणि ज्या घरात मांजर आहे, अशा घरच्या दिव्याची काजळी आण. तुझं घर सोडून. अंजन एकाच्याच डोळ्यांपुरतं होईल."

नदीकडं पाठ करून चालावं लागे, नाहीतर ती लाजून थांबे. एका दिवसात पाणी मिळालं. झाडानं पानाच्या बदल्यात सावली मागितली. कुमुदिनीनं दिली. ती आजतागायत बिनसावलीची आहे, कुणाचं काही अडलेलं नाही.

घाम फोडला तो काजळीनं. घरोघर जावं, तर मांजर कुठंच नाही. सगळी महालात. कणग्यांना भोकं पडलेली, पाळण्यातल्या पोरांच्या बोटांना उंदीर चावलेले. तीन दिवस यातच गेले. लोक राजकन्येला पाहून दारं लावून घेत. शेवटी गावाच्या टोकाला भिवरा तेलिणीच्या घरात रिकाम्या रांजणातून बारीक आवाज आला, "म्यांव."

म्हातारी रांजणापुढं आडवी उभी राहिली. "ताईसाहेब, ही एवढी एकच आहे. हिला नेऊ नका. धनी गेल्यापासून मी हिच्याशीच बोलते."

कुमुदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नेत नाही, मावशी. नुसती काजळी द्या."

आठव्या दिवशी सकाळी अंजन घालून ती महालात शिरली. पहिलं मांजर पाहिलं, मांजरच. दहावं मांजर, शंभरावं मांजर. माजघर झालं, माडी झाली, देवघर झालं. शेवटी तिनं तीनशे सतरावं मांजर उचलून पाहिलं. तेही मांजरच. भाऊ त्यांच्यात नव्हताच.

ती खिडकीशी जाऊन रडली. डोळे पुसून बाहेर पाहते, तो कोटाच्या भिंतीवर बारा वर्षांचा एक मुलगा हातापायांवर बसलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात, एक कान फाटलेला. मुलगा खाली उतरला आणि दबकत महादाराकडं आला. पायऱ्यांवर सात बोके पसरले होते, ते पाठ फुगवून उभे राहिले. एकानं पंजा मारला. मुलगा उलट्या पावली पळाला आणि पुन्हा भिंतीवर जाऊन बसला.

"रोजचंच आहे," साळुंकी भिंतीवरून म्हणाली. "ते पिवळं मांजर होय ना? ते रोज येतं आणि रोज मार खातं. मला वाटलं, भुकेचं येतं."

कुमुदिनी धावत आईकडं गेली. राणी पलंगावर उशांना टेकून बसली होती, अंगभर मांजरं.

"आईसाहेब, भानू यांच्यात नाही. तो बाहेर आहे. ही मांजरं त्याला आत येऊ देत नाहीत. सगळी देऊन टाका, आजच."

राणीनं जवळचं मांजर घट्ट धरलं. "आणि तू चुकलीस तर? यांच्यातच तो असला तर? माझ्या हातानं मी त्याला दुसऱ्यांदा हाकलू?"

"मी एकेक पाहिलंय."

"मला दाखव."

"अंजन संपलं. आता माझ्यावर विश्वास ठेवायचा, दुसरं काही नाही." मग कुमुदिनीला राहवेना. "आई, सात वर्षं तू प्रत्येक मांजराच्या डोळ्यांत बघितलंस. माझ्याकडं एकदा तरी बघितलंस का? मीही तुझीच आहे. मलाही तो हवा आहे."

राणी पुष्कळ वेळ तिच्याकडं बघत राहिली. लेक केव्हा एवढी मोठी झाली, ते तिला आठवेना. मग ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "दवंडी पिटवा. ज्याचं मांजर असेल, त्यानं घेऊन जावं. ज्याला हवं असेल, त्यानंही न्यावं."

लोक टोपल्या घेऊन आले. राणीनं एकेक मांजर आपल्या हातानं दिलं, आणि दर वेळी तिचा हात मागं यायचा. "याला मासा आवडत नाही," ती सांगे. "ही पावसाला भिते." दुपार टळली. सूर्य कोटाच्या कडेला टेकला तेव्हा एक आंधळी म्हातारी मांजरी उरली होती. राणी म्हणाली, "ही राहू दे. हिला कोण नेणार?" मग राणीनंच डोळे मिटले आणि मांजरी प्रधानाच्या हातात दिली. तेवढ्यापुरता तो कामाला आला.

महाल रिकामा झाला. महादार सताड उघडं. राणी उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली. हाक मारायची सोय नव्हती, उचलून घ्यायची सोय नव्हती. आपल्या पायांनीच यायला हवं होतं. राजा खांबाआड उभा राहून जपाचे मणी चुकवत होता.

पिवळं मांजर पायऱ्यांपाशी आलं. थांबलं. बोके कुठं दडलेत का, ते पाहू लागलं. एक पायरी चढलं आणि वाऱ्यानं पडदा हलला तशी दोन पायऱ्या मागं गेलं. सूर्य अर्धा बुडाला. राणीला खोकला आला, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मांजर पुन्हा चढलं. उंबऱ्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा. मग इतकं अंग चोरून आलं की जणू कुणाचं तरी घर आहे, आपलं नव्हे. आलं आणि तिच्या मांडीवर चढलं.

मांडीवर मावेना इतका मोठा मुलगा होता तो. कान तसाच फाटका. राणीनं त्याला कवटाळलं आणि हुंदके देत म्हणाली, "कुठं होतास रे इतकी वर्षं?"

राजपुत्र म्हणाला, "दाराशीच होतो. रोज येत होतो, आई."

शाप सुटला. घरोघर मांजरं गेली, उंदीर आटोक्यात आले, लोकांच्या ताटात दही दिसू लागलं. राणीचा दमा पावसाळ्यापर्यंत टिकला, आणि तो आपल्याच काढ्यानं गेला असं राजवैद्य सांगत फिरला. राजपुत्र पुढं पुष्कळ दिवस जेवताना दाराकडं पाठ करून बसत नसे. मग राणी उठून त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसायची, आणि तो पोटभर जेवायचा.