उकंडाची सोयरीक

वऱ्हाडातल्या एका गावात उकंडा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा गावानं दिलेला शब्द. त्याची बहीण वच्छलाताई वेगळा शब्द वापरायची. पस्तिशी आली तरी त्याला कोणी पोरगी देईना. ताईचा नवरा कोकणात मास्तर. तिनं भावाला तिकडंच बोलावून घेतलं आणि वाडीतल्या तातू राऊळांच्या रत्नप्रभेसाठी शब्द टाकला.

"पाह्य उकंडा," ताई म्हणाली, "इथलं सारं वेगळं हाय. मी सांगतो तसं वाग. ही सोयरीक मोडली, तं जन्मभर ढोरं राख."

उकंडानं रत्नप्रभेला विहिरीवर पाहिलं होतं. तिनं हसून पाणी दिलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तसं पहिलंही फारसं सुचत नसे.

शेजारच्या बाबी नाइकांनी पानावर बसता बसता त्याला विचारलं, "जेवतलंस काय?"

वऱ्हाडात पहिल्यांदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला पाटावर बसायचं. उकंडा म्हणाला, "नाही जी."

"बरा," म्हणून बाबींनी त्याच्यासमोर दोन बांगडे संपवले. उकंडा उपाशी घरी आला.

ताईनं कपाळावर हात मारला. "येडपटा, इथं एकदाच विचारतेत. कोणी काही विचारलं का पह्यल्या झटक्यात हो म्हनाचं!"

उकंडानं मनाशी खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांच्या बागेतले शंभर नारळ चोरीला गेले. पाटील दारोदार विचारत उकंडापाशी आले.

"नारळ तू काढलंस काय रे?"

"हो."

"एकट्यान?"

"हो."

"सगळे?"

"हो जी, हो."

त्याला ओट्यावर चढताना दम लागे, तो माडावर कुठला चढतो! पण कबुली ती कबुली. पाटलांनी त्याला दुपारभर खांबाला बांधून ठेवलं. खरा चोर मधेच येऊन त्याला पाणी पाजून गेला. शेवटी ताईनं हातापाया पडून त्याला सोडवलं.

"अबे, चौकशीले आलेल्याले कोणी हो म्हंते? इथले लोक सरळ उत्तरच देत नाही. कोणी काही विचारलं का उलटं विचाराचं, 'तुमका कित्याक व्हया?' म्हंजे, तुमाले कायले पायजे?"

कोकणात कार्य ठरायचं असलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी, म्हणजे गावकर, हात जोडून देवाकडे मागतो आणि जमलेली वाडी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा!' म्हणते. काय मागितलं ते ऐकायची पद्धत नाही. तिसऱ्या दिवशी उकंडाचं गाऱ्हाणं होतं.

"बा देवा महाराजा," गावकर म्हणाले, "ह्या झिलाक चांगली बायको व्हयी मां?"

वाडीनं तोंड उघडायच्या आत उकंडा गरजला, "तुमका कित्याक व्हया?"

गावकर ऐंशीचे, चाळीस वर्षांपासून विधुर. त्यांना ते फार लागलं.

ताईला रडूच कोसळलं. "आता हे शेवटचं सांगतो. हात जोडून कोणी बोलाले लागला, का 'व्हय महाराजा' म्हनाचं. मोठ्यानं. दुसरं काही नाही!"

तरीही तातू राऊळ तयार झाले. त्यांचीही पोर तिशीला टेकली होती. साखरपुड्याला सगळी वाडी अंगणात बसली. लाडू वाटले गेले. तातू उठले आणि त्यांनी हात जोडले. मुलीच्या बापानं आपलं उणं सांगायचं आणि नवऱ्याकडच्यांनी 'छे, छे' म्हणायचं, एवढी एक रीत दोन्ही मुलखांत सारखी.

"आमचा घर गरिबाचा."

"व्हय महाराजा!" उकंडा ओरडला.

तातू थबकले. "पोरगी जरा सावळी आसा."

"व्हय महाराजा!"

दाराआड रत्नप्रभेच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. ताई भावाला चिमटे काढू लागली. उकंडाला वाटलं, आपला आवाज कमी पडतोय.

"तिका जेवण जरा कमीच करूक येता."

"व्हय महाराजा!" या खेपेला माडावरचे कावळे उडाले.

तातूंचा चेहरा लालबुंद झाला. पण जोडलेले हात सोडायचं त्यांना रागात सुचलं नाही. हात तसेच ठेवून ते म्हणाले, "मगे ही सोयरीक मोडली म्हणाची?"

 उकंडानं दाराकडे पाहिलं.  हो म्हणावंसं त्याला मुळीच वाटत नव्हतं, पण ताईचं न ऐकून सोयरीक गमवायची त्याची तयारी नव्हती. त्यानं छाती भरून आरोळी ठोकली, "व्हय महाराजा!"

आणि लाडू खाता खाता, सवयीनं, सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "व्हय महाराजा!"